सिडनीला पहिल्यांदा जाताय?

मुक्काम सर्क्युलर की किंवा विनयार्ड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत बघा. बॉन्डायच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत ट्रेन जात नाही, बसच धरावी लागते. तिथे एक दिवस पुरे. ओपल कार्ड (तिथल्या बस, ट्रेन, बोटीच्या भाड्याचं कार्ड) काढलंच पाहिजे असं नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डही चालतं. पण माणशी एक कार्ड हवं, आणि सकाळी फोन, संध्याकाळी कार्ड असं करू नका. यंत्र ते दोन वेगळे प्रवासी धरतं, मग दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा हातची जाते.

सर्क्युलर कीहून मॅन्लीच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणारी फेरीबोट जेमतेम अर्ध्या तासाची. जाताना उजवीकडे उभे राहा, ऑपेरा हाउस त्याच बाजूला. हार्बर ब्रिजवर पूर्वेकडच्या पदपथावरून चालणं फुकट. समुद्रात पोहायचं ते जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच.