‘क्लब प्रशासनात गेला’ असे म्हणावे का?

प्रश्न असा आहे : इंग्लंडमधील एखादा फुटबॉल क्लब कर्जात बुडाला की तेथील बातम्यांत ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ हा शब्द येतो आणि मराठीत त्याचे ‘क्लब प्रशासनात गेला’ किंवा ‘क्लबवर प्रशासक नेमला’ असे रूपांतर होते. ते योग्य आहे का, की सरळ ‘क्लबचे दिवाळे निघाले’ म्हणावे?

माझ्या मते हे तिन्ही प्रयोग टाळावेत, मात्र प्रत्येक टाळण्याचे कारण वेगळे आहे. पहिला प्रयोग मराठी कानाला भलतेच सांगतो. ‘त्यांची मुलगी प्रशासनात गेली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी झाली, एवढाच त्याचा अर्थ असतो. कर्ज, धनको, न्यायालय यांपैकी कशाचीही छाया त्या वाक्यावर पडत नाही.

दुसरा प्रयोग अधिक फसवा आहे, कारण तो रूढ आणि निर्दोष दिसतो. महाराष्ट्रात ‘प्रशासक’ या शब्दाला पक्का अर्थ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे संचालक मंडळ दूर करून प्रशासक नेमला. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपल्यावर आयुक्तांकडेच प्रशासकपद आले. अशा प्रत्येक प्रसंगी प्रशासकामागे शासन किंवा कायद्याने अधिकार दिलेली एखादी सार्वजनिक यंत्रणा उभी असते. त्यामुळे ‘पोर्ट्समथ क्लबवर प्रशासक नेमला’ असे वाचणारा मराठी वाचक साहजिकच समजतो की कोणा वरिष्ठ यंत्रणेने क्लबच्या कारभाराची दखल घेतली आणि मालकाला बाजूला सारले.

ब्रिटनमधील प्रक्रिया तशी नाही. १९८६ च्या तेथील नादारी कायद्यातून (‘इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट’) ती आली. हा प्रशासक परवानाधारक व्यावसायिक असतो, बहुधा लेखापालांच्या एखाद्या मोठ्या संस्थेतला. त्याला न्यायालय नेमू शकते. पण २००२ च्या सुधारणेनंतर कंपनीच्या मालमत्तेवर विशिष्ट प्रकारचे तारण असलेला धनको किंवा खुद्द कंपनीचे संचालकही न्यायालयीन सुनावणीवाचून त्याची नेमणूक करू शकतात. नेमणूक होताच धनकोंच्या दाव्यांना आणि वसुलीला स्थगिती मिळते. शक्य असल्यास कंपनी चालत्या स्थितीत वाचवणे आणि ते शक्य नसल्यास कंपनी मोडीत काढून मिळाले असते त्यापेक्षा धनकोंच्या पदरात अधिक पडेल असे पाहणे, हे त्याचे काम. यात सरकारचा हात कोठेच नसतो.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडमधील चाहत्यांची अनेक वर्षांची तक्रार नेमकी हीच होती की क्लबच्या मालकांवर लक्ष ठेवणारी कोणतीही स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात नाही. नियम करायचे लीगने आणि लीग म्हणजे त्याच मालकांचे क्लब. एप्रिल २०२१ मध्ये सहा इंग्लिश क्लब युरोपियन सुपर लीग या बड्या क्लबांच्या प्रस्तावित वेगळ्या स्पर्धेत सामील होण्यास निघाले आणि चाहते रस्त्यावर उतरल्यावर काही दिवसांतच माघारी फिरले. त्यानंतर माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चाहत्यांना केंद्रस्थानी ठेवणारा आढावा झाला आणि त्यातून निघालेल्या शिफारशींचा शेवट जुलै २०२५ मधील ‘फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट’ या कायद्यात झाला. स्वतंत्र फुटबॉल नियामक ही यंत्रणा त्या कायद्याने आली. कर्जबाजारी क्लबच्या बातमीत आपण नुसते ‘प्रशासक’ लिहितो तेव्हा चाहत्यांनी जे इतकी वर्षे मागितले आणि ज्याचा अभाव त्यांना जाचत होता, तेच तेथे आधीपासून होते असे भासवतो. याच ओघात सुचवावेसे वाटते की त्या कायद्याच्या नावातील आणि चर्चेतील ‘गव्हर्नन्स’साठी ‘प्रशासन’ न वापरता ‘कारभार’ वापरावा. क्लबचा कारभार, कारभारातील पारदर्शकता, कारभारात चाहत्यांचा वाटा, हे सारे सहज बोलता येते आणि दोन वेगळ्या कल्पना एकाच शब्दावर आदळत नाहीत.

‘दिवाळे निघाले’ या प्रयोगाबद्दल माझा आक्षेप असा की त्यात शेवट झाल्याचा भाव आहे. दिवाळे निघालेल्या पेढीचे दार बंद होते. पण फेब्रुवारी २०१० मध्ये प्रीमियर लीगमधील पोर्ट्समथवर ही पाळी आली, त्याचे नऊ गुण कापले गेले, तो खालच्या श्रेणीत घसरला आणि तरीही त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध खेळला. ही स्थिती मृत्यूची नव्हे, कडक पथ्यावर ठेवलेल्या आजाऱ्याची आहे. शिवाय गुण का कापतात, हे ‘दिवाळे’ या शब्दाने समजत नाही. २००२ मध्ये लेस्टर सिटी याच मार्गाने गेला, कर्जाचा मोठा भार हलका करून घेतला आणि लगेचच २००३ मध्ये वरच्या श्रेणीत पोचला. काटकसरीने राहिलेल्या क्लबांना हा सरळ अन्याय वाटला आणि २००४ पासून फुटबॉल लीगने दहा गुणांची शिक्षा सुरू केली. आज तेथे ती बारा गुणांची आहे. कायद्याने दिलेले संरक्षण आणि लीगने दिलेली शिक्षा या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत बसतात. म्हणून शब्दही असा हवा की जो संरक्षणाला वाव ठेवील.

तो शब्द ‘नादारी’ हा आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याला मराठीत ‘नादारी व दिवाळखोरी संहिता’ म्हणतात. नादारी वेगळी आणि दिवाळखोरी वेगळी, हे त्या नावातच मान्य केलेले आहे. फारसीतून आलेल्या ‘नादार’ शब्दाचा मूळ अर्थ ज्याच्याकडे नाही तो. जुन्या पिढीतील वाचकांना शाळेतील नादारी आठवेल : फी भरण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला मिळणारी माफी. ऐपत नाही, तरी वर्गातून नाव कमी होत नाही, ही त्या शब्दातील छटा येथे फार उपयोगी आहे. म्हणून मी ‘क्लब नादारी-प्रशासकाच्या ताब्यात गेला’ असे लिहीन आणि पुढच्या उल्लेखांत ‘नादारी-प्रशासक’ हा जोडशब्द कायम ठेवीन. शब्द थोडा लांब होतो, पण मथळ्यात ‘क्लब नादारीत’ एवढे पुरते.

चाहत्यांच्या भावनेलाही हा शब्द जवळचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेफील्ड वेन्सडे हा क्लब नादारी-प्रशासकाकडे गेला आणि त्याचे बारा गुण कापले गेले. पगार वारंवार थकल्याने संतापलेल्या चाहत्यांनी त्याआधी मालकाविरुद्ध निदर्शने केली होती, घरच्या सामन्यावर बहिष्कारही टाकला होता. गुण गेले तरी त्यांच्यापैकी अनेकांना ही बातमी सुटकेची वाटली. ‘दिवाळे निघाले’ या शब्दांत ती सुटका मावत नाही.

एक बाजू मात्र कोणत्याही एका शब्दात मावणार नाही आणि ती बातमीत स्पष्ट करून सांगावी लागते. धनकोंची येणी चुकवताना खेळाडू आणि इतर क्लब यांना पूर्ण रक्कम मिळाली पाहिजे, असा फुटबॉलचा स्वतःचा नियम आहे. पोर्ट्समथच्या प्रकरणात बाकीच्या धनकोंना पौंडामागे वीस पेन्स देण्याचा प्रस्ताव होता आणि त्या धनकोंत सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार देणारी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. ब्रिटिश करखात्याने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले, पण २०१२ मध्ये ते हरले. हा नियम मला आजही समर्थनीय वाटत नाही.

नादारीतून बाहेर पडण्याचा मार्ग खुंटला की पुढची पायरी कंपनी मोडीत काढण्याची असते. तिच्यासाठी सहकारी साखर कारखान्यांच्या बातम्यांतून रुळलेला ‘अवसायन’ हा शब्द तयार आहे. येथे स्कॉटलंडमधील ग्लासगो रेंजर्सचे उदाहरण लक्षात ठेवावे. फेब्रुवारी २०१२ मध्ये हा क्लब नादारीत गेला. जूनमध्ये करखात्याने तडजोडीचा प्रस्ताव नाकारला, जुनी कंपनी अवसायनाकडे गेली आणि मालमत्ता नव्या कंपनीने विकत घेतली. संघाला चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली, तरी आयब्रॉक्स या घरच्या मैदानावरील त्या श्रेणीतील पहिल्या लीग सामन्याला ४९ हजारांहून अधिक लोक आले. कंपनी गेली, क्लब तोच आहे, असे रेंजर्सचे चाहते आजही म्हणतात. जुना क्लब तेव्हाच संपला, असे प्रतिस्पर्धी चाहते तितक्याच ठामपणे म्हणतात. मराठीत ‘रेंजर्स अवसायनात निघाला’ असे लिहिणारा नकळत या वादात एका बाजूला उभा राहतो. ‘रेंजर्स चालवणारी कंपनी अवसायनात निघाली’ हे वाक्य दोन्ही गटांना नाकारता येत नाही, म्हणून बातमीत तेच असावे. पहिले वाक्य ज्याला लिहायचे असेल त्याने ते स्वतःच्या नावाखाली, मत म्हणून लिहावे.