चेलोवादक यूलियुस रीट्झ वाद्यवृंदाचे संचालक कसे झाले?

जर्मन संगीतकार मेंडेल्सोनमुळे. बर्लिनचे रीट्झ (जन्म १८१२) बर्नहार्ड रोम्बेर्ग यांच्याकडे चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य) शिकले आणि सोळाव्या वर्षीच नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. थोरले भाऊ एदुआर्ड हे व्हायोलिनवादक आणि मेंडेल्सोनचे जिवलग मित्र; दोघा भावांची गल्लत करू नका. १८३४ मध्ये मेंडेल्सोननी यूलियुसना ड्युसेलडॉर्फच्या ऑपेरात सहायक नेमलं. वर्षभरात मेंडेल्सोन स्वतः लाइपझिगला गेले आणि जबाबदारी रीट्झवर आली. पुढे १८४७ पासून लाइपझिग, तिथेच गेवांडहाउस या संगीतगृहाच्या मैफली, १८६० पासून ड्रेस्डेनचा दरबार. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम मात्र १८७४ ते ७७ मधलं: मेंडेल्सोनच्या समग्र रचनांचं संपादन. फक्त ‘समग्र’ शब्दशः घेऊ नका, मेंडेल्सोनच्या कोवळ्या वयातल्या, फक्त तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या बारा सिंफनी त्यात नाहीत.