कॅब लावल्या म्हणजे आपला कार्बन कमी झाला का? (पणजीतल्या सीए फर्मच्या प्रश्नाला उत्तर)

तुमचा प्रश्न असा: पाटोवर चाळीस जणांची सीए फर्म, शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या ग्राहकाने उत्सर्जनाचा आकडा आणि ‘नेट झिरो’चं (उत्सर्जन जवळपास शून्यावर आणण्याचं) वचन मागितलंय, ऑफिसच्या गाड्या विकून कॅब लावल्या तर आकडा उतरेल का?

कागदावर उतरेल. ह्याच पळवाटेवरून मी फर्मांच्या भागीदारांशी कायम भांडत आलोय, म्हणून आधी तेच.

एका फर्मकडे चार डिझेल गाड्या होत्या. वर्षाला ४,८०० लिटर, लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जवळपास १३ टन, सगळे स्कोप १ मध्ये, म्हणजे फर्मच्या स्वतःच्या गाड्या-यंत्रांच्या खात्यात. गाड्या विकल्या, कॅब आल्या आणि अहवालात छापलं: स्कोप १ मध्ये ८० टक्के घट. भागीदारांचा युक्तिवाद एकच, गाडी आमची नाही तर धूरही आमचा नाही. जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे उत्सर्जन मोजण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली, हे चालू देत नाही. धूर सोडणारं काम बाहेर दिलंत तर एकतर पायाभूत वर्षाचा (ज्याच्याशी पुढची तुलना होते त्या वर्षाचा) आकडा नव्याने काढा, नाहीतर तेच उत्सर्जन स्कोप ३ च्या (तुमच्या कामामुळे, पण दुसऱ्यांच्या हातून होणाऱ्या उत्सर्जनाच्या) सहाव्या वर्गात, व्यावसायिक प्रवासात, दाखवा. त्यांनी दोन्ही टाळलं. शिवाय साहेबांना मोपा विमानतळावर सोडून कॅब पणजीला रिकामी परतते, ते डिझेल कोणाच्याच वहीत येत नाही. प्रत्यक्षात धूर वाढला असणार.

तेव्हा कॅबवाल्याशी करार करतानाच अट घाला: बिलावर रिकाम्या फेरीसकट किलोमीटर, गाडीचं मॉडेल आणि इंधन हवं. नुसत्या रुपयांवरून काढलेला आकडा भाडं वाढलं की फुगतो, गाडी तेवढीच धावली तरी. त्यावरून पुढच्या वर्षी घट झाली की नाही हे कळणारच नाही.

बाकी हिशेब सोपा आहे. विकत घेतलेली वीज, म्हणजे स्कोप २, महिन्याला ५,००० युनिट धरा; केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा गुणक युनिटला ०.७२७ किलो, म्हणजे वर्षाला ४३.६ टन. इमारतीचा एसी सामाईक असेल तर ती वीज तुमच्या बिलात नसते, मेंटेनन्समध्ये लपलेली असते. सोसायटीकडून मीटरचे आकडे घ्या, न मिळाल्यास क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटा काढा.

एसीचा गॅस हमखास सुटतो. मेकॅनिकच्या बिलावर फक्त ‘गॅस भरला’ असतं. कुठला आणि किती किलो हे लिहून घ्या. आर-४१०ए हा एसीतला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट तापवतो. दोन किलो गळला की चार टन झाले. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून जनरेटर वर्षभरात ६०० लिटर प्यायला, तरी त्याचे १.६ टनच. जुन्या एसीतल्या आर-२२ गॅसचा आकडा मात्र स्कोपमध्ये मिसळू नका, वेगळा दाखवा.

विमानप्रवासाची तिकिटं ट्रॅव्हल एजंटकडून वर्गासकट मागवा. लांबच्या उड्डाणात बिझनेस क्लासचा वाटा इकॉनॉमीच्या जवळपास तिप्पट धरतात. मुंबईच्या कामांना मडगावहून रेल्वे शक्य असेल तिथे विमानाचं बिल मंजूर करू नका; एवढ्या एका नियमाने जे साधतं ते शंभर पोस्टरांनी साधत नाही. म्हापसा-फोंड्याहून दुचाकीने कामावर येणाऱ्यांच्या रोजच्या प्रवासाचा आकडा काढायला एक साधी प्रश्नावली पुरते.

वचनाबद्दल. एसबीटीआय (कंपन्यांची उत्सर्जन-घटीची लक्ष्यं तपासणारी संस्था) हिच्या चौकटीत स्कोप १ आणि २ मध्ये दरवर्षी पायाभूत वर्षाच्या ४.२ टक्के घट लागते, आणि नेट झिरोसाठी उशिरात उशिरा २०५० पर्यंत एकूण निदान ९० टक्के. झाडं लावून किंवा कार्बन क्रेडिट (दुसऱ्याने केलेली घट) विकत घेऊन ही घट भरून निघत नाही. देशाचं नेट झिरोचं लक्ष्य २०७० आहे म्हणून आपणही २०७० लिहायचं, हा आळस आहे. लॉकडाऊनचं वर्ष पाया म्हणून घेऊ नका, पुढचं प्रत्येक वर्ष वाढच दाखवेल.

खाणवाल्यांच्या कामातून तुम्ही फी घेता, त्या खाणींचं उत्सर्जन स्कोप ३ च्या पंधरा वर्गांपैकी कशातच बसत नाही. तरी अशा ग्राहकांकडून किती टक्के फी येते ते अहवालात लिहावं, असं माझं ठाम मत आहे. तो आकडा ऑफिसच्या लाईटबिलापेक्षा जास्त सांगतो.

वरचे लिटर आणि युनिट अर्थात नमुन्याचे आहेत, तुमचे बिलांवरून घ्या. विजेचा गुणक दरवर्षी बदलतो, त्या त्या वर्षाचाच लावा. आणि कॅब इलेक्ट्रिक असतील तर माझा वरचा आक्षेप बराच सौम्य होतो, पण किलोमीटर तेव्हाही लागतीलच.