क्लेरिक म्हणजे चालता-फिरता दवाखाना नव्हे

प्रश्न : आम्ही मित्रमंडळी दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ खेळतो. क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जखमा भरणारा (हील करणारा) पुजारी, घ्यायला कोणी तयार नव्हतं, तो माझ्या गळ्यात पडला. लढाई संपली की सगळे म्हणतात, ‘चल, हील कर.’ एरवी त्याच्या देवाची कोणाला आठवण नसते. हे पात्र कसं खेळावं? आणि त्या जगात इतके देव असताना क्लेरिकने एकालाच का धरायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, म्हणजे पहिला सोपा होईल.

क्लेरिकचा जन्म एका व्हॅम्पायरच्या धाकातून झाला. या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, डेव्ह अर्नेसन, त्याआधी अमेरिकेत मिनेसोटात ब्लॅकमूर नावाचा खेळ चालवत असे. त्यात सर फँग हा व्हॅम्पायर भलताच माजला. त्याला आवरायला हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या भयपटांतल्या व्हॅम्पायर-शिकाऱ्याच्या धर्तीवर एक धर्मगुरू आणला गेला. १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आला तेव्हा लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक असे पात्रांचे तीनच क्लास (प्रकार) होते. पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला तर एकही स्पेल (मंत्र) मिळत नसे. पुढे मिळणारे स्पेल बघा : काठ्यांचे साप करणं, किड्यांची धाड आणणं. सरळ बायबलमधले चमत्कार! म्हणजे क्लेरिकचा सांगाडा ख्रिस्ती पाद्र्याचा. अनेक देवांचं जग त्याच्याभोवती नंतर उभं राहिलं. एकच देव धरायची सवय तिथून आली.

आपल्याला हे खटकतं ते बरोबरच आहे. घरचं कुलदैवत खंडोबा, एकादशी विठ्ठलाची, भाद्रपदात गणपती. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या जगातली साधी माणसंही अशीच वागतात. शेतकरी शेतीची देवी शॉन्टियाला भजतो, पण समुद्रावर जायची वेळ आली की समुद्राची देवी अंबरलीची मर्जी राखतो, कारण ती कोपली तर जहाज बुडवते. तुमच्या क्लेरिकने दीक्षा एकाची घेतली असली तरी जहाजावर चढताना अंबरलीच्या नावाने नाणं टाकायला काय हरकत आहे?

१९८० चं ‘डिइटीज अँड डेमिगॉड्स’ हे या खेळाचं देवांवरचं पुस्तक मिळालं तर चाळून बघा. त्यात इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू असे आपले देवही आहेत, आणि प्रत्येकाला हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) दिलेत. मला ते मुळीच पटत नाही. हिट पॉइंट दिले की देवसुद्धा मारण्याजोगा एक मोठा राक्षस होऊन बसतो. देव भक्ताला काय देतो ते आकड्यांत मांडता येतं. भक्ताकडे काय मागतो ते तिथे येत नाही. १९७८ मध्ये आलेल्या रूनक्वेस्ट या अशाच दुसऱ्या खेळात मला हे फार चांगलं साधलेलं दिसतं. तिथे पंथाची ताकद हवी तर पंथाला वेळ आणि कमाईतला वाटा द्यावा लागतो, आणि हे फक्त पुजाऱ्यापुरतं नाही.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. माझ्या टेबलावर एक जण इलमॅटरची क्लेरिक खेळते. हा दुसऱ्याचं दुःख अंगावर घेणारा देव. लाल दोरीने बांधलेले दोन हात हे त्याचं चिन्ह. ती हील करण्याआधी जखमीच्या मनगटाला लाल दोरा बांधते आणि म्हणते, ‘हे दुखणं आता माझं.’ बस, एवढंच. भाषण नाही, उपदेश नाही. एकदा पार्टीने (सगळ्यांच्या पात्रांच्या टोळीने) एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, पकडला. बाकीचे त्याला मारायच्या बेतात असताना ही शांतपणे त्याच्या मनगटाला दोरा बांधू लागली. मग जो वाद पेटला, त्यात त्या संध्याकाळी पुढची लढाई राहूनच गेली, आणि त्याची कोणीही तक्रार केली नाही. तुमच्या डीएमशी, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी, बोलून असा एक आचार आणि एक बंधन ठरवून घ्या. बंधन असं हवं, की कधीतरी ते पार्टीच्या आड येईल.

प्रश्न : आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) पार्टीतल्या कोणालाच खोटं बोलू देत नाही. काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : १९७५ च्या ग्रेहॉक या नियमांच्या पुरवणीतला पॅलाडिन धर्म चुकला की शक्ती गमावत असे, तो धाक अजून अनेकांच्या मनात आहे. २०१४ च्या नियमांत त्याची शक्ती त्याच्या शपथेतून येते, आणि शपथ त्याने घेतलेली आहे, तुम्ही नाही. तिने त्याची जीभ बांधली जाते, तुमची नाही, हे त्याच्याशी खेळाबाहेर स्पष्ट बोला. पहारेकऱ्याने थेट त्यालाच विचारलं तर मात्र तो खरं सांगणार. तेव्हा थाप मारायची ती हे धरूनच मारा.