आक्रमक गवताने झाकलेली खाणजमीन यशस्वी मानावी का?

तुमचा प्रश्न असा आहे : पश्चिम अमेरिकेतील कोरड्या प्रदेशात माती भरून पूर्ववत केलेल्या कोळसाखाणीच्या जमिनीवर स्थानिक गवतांचे बी पेरले, आज तेथील एकूण वनस्पती-आच्छादन (वनस्पतींनी झाकलेला जमिनीचा भाग) ठरलेल्या निकषाहून जास्त भरते, पण त्यातला निम्म्याहून अधिक वाटा चीटग्रास या आक्रमक गवताचा आहे. ही लागवड यशस्वी मानावी का? माझ्या मते मानू नये.

अमेरिकेच्या १९७७ च्या पृष्ठभागीय खाणकाम कायद्याखालील नियमांनुसार आच्छादन मंजूर निकषाच्या किमान ९० टक्के असावे लागते आणि ते ९० टक्के सांख्यिकीय विश्वासपातळीवर दाखवावे लागते. पण त्याच नियमांनी वनस्पती विविध, परिणामकारक आणि कायम टिकणारी असावी, तसेच उपद्रवी वनस्पतींविषयीच्या कायद्यांशी सुसंगत असावी, असेही म्हटले आहे. आकड्याचा निकष या अटींखेरीज वाचला की घोळ होतो. समजा, शेजारच्या न खणलेल्या तुलना-क्षेत्रात ५० टक्के आच्छादन आहे आणि ते सगळे स्थानिक आहे. म्हणजे तुम्हाला ४५ टक्के हवेत. तुमच्या जमिनीवर एकूण ६० टक्के भरतात, पण पैकी ३५ चीटग्रासचे असतील, तर प्रत्यक्षात २५ टक्केच उरतात. तुलना-क्षेत्रातही चीटग्रास शिरले असेल, तर ते दोन्हीकडून वजा करावे लागते. एकाच बाजूने वजा केल्यास तुलना अन्यायाची होते आणि कोणत्याच बाजूने न केल्यास निरर्थक. तुलना-क्षेत्र फारच बिघडलेले असेल, तर ते मोजपट्टी म्हणून वापरण्याच्याच योग्यतेचे राहत नाही, आणि अशा वेळी खाण सुरू होण्यापूर्वीच्या नोंदींचा आधार घेणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

हे गवत वजा का करायचे, याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. चीटग्रास बहुधा शरद ऋतूतील पावसावर उगवते, थंडीतही मुळे वाढवते, वसंतात बाकीच्यांच्या आधी जमिनीतील ओल शोषून घेते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून जाते. त्यामुळे एकाच जागेचे वसंतातील आणि भर उन्हाळ्यातील मोजमाप जुळत नाही, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी दिसणारे दाट आच्छादन पुढच्या कोरड्या वर्षी जवळजवळ नाहीसे होऊ शकते. शिवाय वाळलेले हे बारीक गवत झुडपांमधील मोकळ्या जागा भरून काढते, आग सलग पसरू देते, आणि मोठ्या सेजब्रशसारखी झुडपे जळाल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटत नाहीत. आच्छादनाचा जो आकडा आज तुमच्या बाजूने बोलतो, तोच काही वर्षांनी जमीन उघडी पाडण्यास कारणीभूत होऊ शकतो.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे : या गवतानेही उतारावरची माती काही काळ धरून ठेवली जाते. म्हणून त्याची नोंद टाळू नये. माती वाहून जाते का, या प्रश्नाच्या उत्तरात गवताची पाती आणि वाळलेला पालापाचोळा धरावा. वनस्पतिसमूह स्थिरावला का, या प्रश्नाच्या उत्तरात तो धरू नये. हे दोन प्रश्न एकाच बेरजेत मिसळणे हीच मला सर्वांत नुकसानकारक सवय वाटते.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. फितीवर ठरावीक अंतराने सुई टेकवून नोंद करताना मी सुरुवातीला फक्त पहिला स्पर्श लिहीत असे. दाट चीटग्रासखाली दडलेले स्थानिक गवताचे ठोंब त्यामुळे सुटत आणि स्थानिक आच्छादन खऱ्याहून कमी दिसे. सुई जमिनीला टेकेपर्यंत लागलेले सर्व थर लिहावेत. त्याचबरोबर बहुवर्षायू गवतांचे ठोंब प्रति चौरस मीटर किती आहेत, त्यांना फुलोरा येतो का, आणि त्यांच्या बियांतून नवी रोपे उगवली आहेत का, हे पाहावे. पेरलेलीच झाडे म्हातारी होत असतील आणि नवी रोपे दिसत नसतील, तर आच्छादन कितीही असो, मला त्या जमिनीचा भरवसा वाटत नाही.

वार्षिक सरासरी २६ इंच किंवा त्याहून कमी पावसाच्या प्रदेशात जबाबदारीचा काळ, म्हणजे खाणचालकाने लागवडीची जबाबदारी वाहायची मुदत, दहा वर्षांचा असतो आणि निकष किमान शेवटच्या दोन सलग वर्षांत पूर्ण व्हावा लागतो. त्या शेवटच्या वर्षांची वाट न पाहता मधल्या वर्षांतही, वनस्पतींच्या वाढीच्या त्याच टप्प्यावर, त्याच रेषांवर मोजा. स्थानिक आणि आक्रमक आच्छादनाची वाटचाल वेगवेगळी मांडली की स्थानिक गवतांचे ठोंब चीटग्रासला मागे रेटत आहेत की उलट घडत आहे, ते दिसते. उपाय करायचाच असेल, तर पूरक पेरणी किंवा खत देण्यापूर्वी नियामकाशी लेखी बोलून घ्या, कारण अशा कामांनंतर जबाबदारीचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. शिवाय जादा नत्र मिळाले की चीटग्रासच आधी फोफावते, म्हणून खताबाबत मी विशेष सावध राहीन.