वाचक विचारतात : पट घसरला, आता आमची शाळा राहील का?

आमच्या वाडीवर जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट, म्हणजे नाव घातलेली मुलं, १७. "वीसच्या खाली गेलं की शाळा बंद" असं सगळे म्हणतात. खरं काय?
(शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, सातारा जिल्हा)

शिक्षणहक्क कायद्यात असा कुठलाही आकडा नाही. कायद्याखालचे राज्याचे नियम अंतर मोजतात : पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी. शिक्षकांचा हिशेब कायद्याच्या परिशिष्टात आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे १७ मुलांनाही दोनच.

मग हा वीसचा आकडा आला कुठून? सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले गेले. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही नमुन्यादाखल दाखवलेली उदाहरणं. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी गाजली होती. त्यामुळे धास्ती खोटी नाही. पण प्रस्ताव म्हणजे आदेश नव्हे.

समायोजनाची, म्हणजे शाळा जवळच्या दुसऱ्या शाळेत मिसळण्याची, चर्चा सुरू झाली की समितीने पहिलं काम करायचं ते अंतर मोजण्याचं. नकाशावरची सरळ रेघ धरू नका, मुलाच्या पायाखालची वाट मोजा. मध्ये ओढा असेल तर पावसाळ्यात किती दिवस तो ओलांडता येत नाही, हे ठरावात लिहा. समितीत किमान ७५ टक्के पालक असतात, त्यामुळे ठरावाला वजन असतं. त्याची पोहोच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्याच. वाहतूक भत्त्याचं आश्वासन मिळालं, तर तीन गोष्टी लेखी मागा : गाडी वाडीपर्यंत येणार की फाट्यापर्यंत, सोबत कोण असणार, आणि गाडी आली नाही त्या दिवशी काय.

खरा धोका सहावी ते आठवीच्या वर्गांना आहे. शाळेला किती शिक्षक मंजूर, हे संच मान्यता ठरवते. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयात या गटात २० पेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही, असा निकष आला. शाळेला कुलूप लागत नाही, पण शिकवायला माणूस उरत नाही. तुमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) सातवीपर्यंतची शाळा असेल तर तिची चालू वर्षाची संच मान्यता आधी बघा.

वर्गात २३ मुलं बसतात, संच मान्यतेत १९ दिसतात. चार मुलं गेली कुठे?
(एक मुख्याध्यापिका, अहिल्यानगर जिल्हा)

बहुतेक वेळा ती आधारात अडकलेली असतात. पट ३० सप्टेंबरचा धरतात, आणि मोजणीत आधार जुळलेलीच मुलं येतात. जनरल रजिस्टरला 'ओंकार', आधारवर 'ओमकार'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला की नोंद अवैध. जन्मतारखेचंही तसंच. गावात पुष्कळांची तारीख १ जून लावून दिलेली असते.

क्रम असा ठेवा. जुलैतच अवैध नोंदींची यादी पोर्टलवरून काढा. प्रत्येक नावापुढे जन्मदाखला, रजिस्टर आणि आधार या तिन्हींवरचं नाव आणि तारीख लिहा. जन्मदाखला आणि रजिस्टर जुळत असेल तर दुरुस्ती आधारमध्ये करा. रजिस्टरमधली नोंद स्वतःच्या हाताने खोडू नका. त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते, आणि खाडाखोड पुढे दहावीच्या अर्जाच्या वेळी नडते. पाचव्या वर्षाआधी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. ते पाच ते सात वयात मोफत घेतले जातात, म्हणून पहिलीत आलेल्या प्रत्येक मुलाबद्दल आईला हे विचारा.

दुसरं कारण, मूल तुमच्याकडे आलं पण आधीच्या शाळेने यू-डायस प्लसवर (शाळा आणि मुलांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर) त्याला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये सोडलेलंच नाही. मग ते तिथेच मोजलं जातं. आधी लेखी पत्र, आठवड्यात काही हललं नाही तर केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी. फी थकली म्हणून खासगी शाळा दाखला अडवत असेल तर कायद्याचं कलम ५ दाखवा : दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही.

आकडा भरून काढायला नातेवाइकांची नावं घालण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, ती याच मोहामुळे.

दर जूनला प्रवेशोत्सव करतो, फुलं, ढोल, फ्लेक्स. तरी पहिलीत चारच मुलं. काय चुकतं?
(एक शिक्षक, कोल्हापूर जिल्हा)

महिना चुकतो. खरं तर वर्षच चुकतं. इंग्रजी शाळेची व्हॅन तीन वर्षांच्या मुलासाठी दारात येते. सहाव्या वर्षी तुम्ही ढोल वाजवता तेव्हा ते मूल तिथे तीन वर्षं रुळलेलं असतं.

आधी एका वहीत तीन रकाने पाडा : त्या वर्षी गावात जन्मलेली मुलं, त्यातली अंगणवाडीत असलेली, त्यातली पहिलीत आलेली. पहिल्याच रकान्यात आकडा पडला असेल तर तो कुणाच्या हातात नाही. राज्याचा जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) २०१९-२१ च्या पाहणीत १.७ होता, आणि डोंगरी गावांतली तरुण जोडपी पुण्या-मुंबईला आहेत. पहिल्या-दुसऱ्या रकान्यात गळती असेल तर काम अंगणवाडीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तरच ते तुमच्या पहिलीच्या वर्गात.

३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी फेब्रुवारीत सेविकेकडून घ्या. एप्रिलच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याआधी प्रत्येक घरी जा, तेही संध्याकाळी, रानातून माणसं परतल्यावर. पालक तिथे विचारतात ते अगदी साधं असतं : शिक्षक किती, पाचनंतर पोराकडे कोण बघणार, मुलींचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे का. सेमी-इंग्रजीचं आश्वासन मात्र गणित इंग्रजीतून शिकवणारा शिक्षक पुढची पाच वर्षं टिकणार असेल तरच द्या. ते वर्षभरात बंद पडलं तर आलेली मुलं जातात, आणि पुढच्या वर्षीची येत नाहीत.

पट २९ वरून ३१ झाला. अनुदानात फरक पडेल?
(लातूर जिल्हा)

पडेल. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानात ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

दिवाळीनंतर अकरा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. नावं कमी करायची का?
(बीड जिल्हा)

करू नका. जाताना शिक्षण हमी कार्ड भरून हातात द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला त्याच वर्गात बसता येतं. त्याहून बरं, मूल गावातच थांबवा. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलाला जेवण मिळतं. प्रस्ताव बहुधा उशिरा जातो म्हणून फसतो. मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घरात आली की कोण जाणार हे पक्कं झालेलं असतं. यादी तेव्हाच करा, समितीचा ठराव जोडा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पंचायत समितीत द्या.