जुन्या शेअर्ड कोडमधली (सगळी टीम वापरते त्या कोडमधली) फंक्शनची, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यांची, फसवी नावं बदलावीत, की चालतंय तसं चालू द्यावं?

बदला. टीममध्ये कोणीतरी "चालतंय ना, मग कशाला हात लावतोस?" म्हणेलच. मी ते चार वर्षं ऐकलंय.

पुण्यात एका कंपनीत पेरोलच्या, म्हणजे पगाराच्या, सॉफ्टवेअरवर काम करत होतो. तिथे 'गेट लीव्ह बॅलन्स' नावाचं फंक्शन होतं. ते शिल्लक रजांचा आकडा द्यायचंच, पण त्याआधी मुदत संपलेल्या रजा डेटाबेसमधून उडवायचं. कॉमेंट नाही, काही नाही, मध्येच सरळ अपडेट क्वेरी, म्हणजे डेटा बदलायचा हुकूम. मी दोनदा म्हटलं, नाव बदलू या. सर म्हणाले, "सगळ्यांना माहितीये ते काय करतं." सगळ्यांना म्हणजे आम्हा तिघांना.

मग एक नवीन मुलगी आली. एप्रिलमध्ये तिला एचआरचा रिपोर्ट दिला. तिने नाव वाचलं आणि लूपमध्ये, म्हणजे एकामागून एक, सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी ते कॉल केलं, म्हणजे चालवलं. त्या वर्षी रजांची मुदत जूनपर्यंत वाढवली होती, पण ती सिस्टिममध्ये भरायची राहिली होती. शंभरेक लोकांच्या रजा गेल्या. बॅकअपवरून परत आणण्यात आमचे शनिवार-रविवार गेले, बोलणी मात्र तिने खाल्ली.

त्यानंतर परवानगी मिळाली. मी एडिटरमध्ये रिनेम मारलं, म्हणजे सगळीकडे नाव बदललं, बिल्ड हिरवं झालं (कुठे एरर नाही), घरी गेलो. रात्री दोनला फोन. रात्री आपोआप चालणारा जॉब फंक्शनचं नाव डेटाबेसमधल्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) टेबलातून स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून उचलत होता, ते एडिटरला कुठून दिसणार? सर अजून लग्नाकार्यात भेटले की सांगतात, "याने नाव बदललं आणि पगार अडवले." एक दिवस उशिरा झाले हो, अडले नाहीत. आणि नावं टेबलात कोणी लिहून ठेवली होती, ते सर सांगत नाहीत.

तर जुनं नाव लगेच उडवू नका. त्यातून नव्याला कॉल करा, कोण अजून वापरतंय त्याचा लॉग ठेवा, महिनाअखेर-तिमाहीअखेरची कामं एकदा होऊन गेली की मगच काढा. पायथन भाषेने युनिटटेस्ट या तपासणीच्या लायब्ररीतलं 'असर्टइक्वल्स' हे जुनं नाव कित्येक वर्षं डेप्रिकेटेड (चालतं, पण वापरू नका असं) ठेवलं, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ३.१२ मधून काढलं.

हां, बाहेरचे लोक वापरत असतील तर माझं ऐकू नका. एचटीटीपी या वेबच्या नियमावलीतल्या 'रेफरर' हेडरच्या (तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते सांगणाऱ्या ओळीच्या) स्पेलिंगमधला एक आर १९९६ च्या आरएफसीतही, म्हणजे इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजातही, गायब होता, आजही गायबच आहे. पण ती नुसती स्पेलिंगची चूक, कोणाच्या रजा खात नाही. आमचं फंक्शन खोटं बोलत होतं.

बाय द वे, त्या तिघांपैकी आता तिथे एकटे सरच उरलेत.